‘आपापली जोडी शोधा’ म्हटलं की दर वेळी तेच मूल उरतं: चर्चेच्या जोड्या का फसतात आणि मी काय बदललं

पुस्तकात ‘चर्चा करा’ अशी चौकट आली की मी वर्गाला सांगायचे, “चला, आपापली जोडी शोधा आणि तीन मिनिटं बोला.” पुढे काय होतं ते जोडीचर्चा घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असेल. दोस्त दोस्ताकडे पळतो, बाकं करकरतात, मागे चौघं एकाच बाकावर दाटीवाटीने बसतात आणि कुणीतरी ओरडतं, “बाई, मला कुणीच नाही!” मग त्याला हाताला धरून एखाद्या जोडीत नेऊन बसवायचं. ती जोडी नाक मुरडते. चर्चा सुरू होईपर्यंत तीनातली दोन मिनिटं गेलेली असतात.

ओरडणाऱ्या मुलाची मला फारशी काळजी नव्हती. त्याला जागा मिळतेच. माझ्या वर्गात खिडकीजवळ एक मुलगी बसायची, ती कधीच ओरडली नाही. जोड्या शोधा म्हटलं की ती खाली वाकून दप्तरात काहीतरी शोधायला लागायची. मला वाटायचं, पेन सापडत नसेल. एकदा मी जवळ जाऊन उभी राहिले. ती चेन उघडायची, कंपासपेटी बाहेर काढायची, परत आत ठेवायची, चेन लावायची. परत उघडायची. पेन तर वहीतच खोचलेलं होतं. सगळ्यांच्या जोड्या लागेपर्यंत तिला मान वर करायची नव्हती. आठवड्यातून तीन-चारदा, आख्ख्या वर्गासमोर, आपल्याला कुणी निवडत नाही हे मी त्या मुलीला दाखवून देत होते, आणि तेही चर्चेच्या नावाखाली.

त्या दिवसापासून ‘जोडी शोधा’ हे दोन शब्द मी वर्गात उच्चारलेले नाहीत. त्यानंतर जे जे करून पाहिलं, त्यातलं जे टिकलं ते इथे लिहिते. माझा वर्ग सातवीचा, पट ३७, गाव बीड जिल्ह्यातलं, बाकं दोघांची. तुमचा पट वेगळा असेल, पण दुखणं बहुतेक हेच असेल.

आधी एक आठवडा नुसतं बघा

उपाय करायच्या आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते कळायला हवं. हजेरीची एक जुनी प्रत घ्या आणि चर्चा चालू असताना तीनच खुणा करा: कोण उरलं, कोणत्या जोडीत एकच जण बोलतोय, आणि कुठे विषय सोडून कालच्या मॅचवर गप्पा चालल्या आहेत. आठवड्याने कागद समोर ठेवा.

माझ्या कागदावर उरलेल्यांमध्ये दर वेळी तीच चार नावं होती. दुसरी गोष्ट मात्र मी शोधत नव्हते, तरी दिसली. जोड्या वस्तीप्रमाणे पडत होत्या. गावठाणातली मुलं गावठाणातल्यांशी, तांड्यावरची तांड्यावरच्यांशी, मळ्यातली मळ्यातल्यांशी. गावात जे जसं बसतं तेच माझ्या बाकांवर बसलं होतं, आणि ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून मी त्याला रोज हातभार लावत होते. मुलांना दोष देण्यात काही अर्थ नाही. ज्याच्याबरोबर सकाळी चालत शाळेत येतो त्याच्याच शेजारी मूल बसणार. मोडायचं असेल तर ते शिक्षकानेच मोडायला हवं, आणि ते कुणाचंही नाव न घेता करता येतं.

जोड्या कागदावर, आठवड्याच्या आधीच

आता जोड्या मी लावते. दर सोमवारी परिपाठ झाला की नवी जोडी, आणि शनिवारपर्यंत तोच भिडू. ‘जोडीदार’पेक्षा मुलांना ‘भिडू’ हा शब्द जवळचा वाटतो, म्हणून आमच्या तक्त्यावरही तोच आहे.

सुरुवातीला मी चिठ्ठ्या उचलायचे. दोन आठवड्यांत तक्रारी आल्या: “बाई, आम्ही परत एकत्र आलो,” “बाई, मला तिसऱ्यांदा तोच.” चिठ्ठीत असं होणारच. शिवाय पट विषम असल्यामुळे एक जण उरायचा तो उरायचाच. उपाय मला सापडला तो क्रीडा विभागाकडे. कबड्डीचे साखळी सामने लावताना प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदाच खेळेल असं वेळापत्रक करतात आणि संघ विषम असले तर एका संघाला त्या फेरीत ‘बाय’ देतात, म्हणजे तो त्या फेरीत खेळत नाही. वर्गातल्या जोड्यांचं गणित अगदी हेच आहे.

मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन ओळींत कागदी खिसे चिकटवले, वर १९ आणि खाली १९. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या ३७ चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर एक नाव. अडतिसावी चिठ्ठी कोरी. ही कोरी चिठ्ठी वरच्या ओळीच्या पहिल्या खिशात कायमची बसते, ती हलत नाही. बाकीच्या सगळ्या दर शनिवारी एक घर पुढे सरकतात: वरच्या ओळीतल्या उजवीकडे, वरची शेवटची खाली उतरते, खालच्या ओळीतल्या डावीकडे, आणि खालची पहिली वर चढून कोऱ्या चिठ्ठीच्या शेजारच्या खिशात जाते. वर-खाली समोरासमोर आलेली दोन नावं म्हणजे जोडी.

खात्री करायची असेल तर पाच मुलांवर करून बघा. वर कोरी, १, २ आणि खाली ५, ४, ३. पहिल्या फेरीत १-४ आणि २-३ अशा जोड्या, आणि ५ कोऱ्या चिठ्ठीखाली. एक घर सरकवलं की वर कोरी, ५, १ आणि खाली ४, ३, २. आता ५-३, १-२ आणि कोऱ्याखाली ४. पाच फेऱ्यांत दहाच्या दहा जोड्या एकेकदा येतात आणि प्रत्येक जण बरोबर एकदा कोऱ्या चिठ्ठीखाली येतो.

३७ मुलांच्या जोड्या होतात ६६६. आठवड्याला १८ जोड्या धरल्या तर सगळ्या पुऱ्या व्हायला ३७ आठवडे लागतात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा सांगितली आहे, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ते साधारण ३७ आठवडेच होतात. हा हिशोब जुळला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सणवार, सहली, परीक्षा यांत काही आठवडे जातात, त्यामुळे चक्र प्रत्यक्षात पुरं होत नाही. पण जूनमध्ये मी वर्गाला सांगू शकते की या तक्त्यात तुमची सगळ्यांशी गाठ आहे, कुणाला वगळलेलं नाही. ‘मला तिच्यासोबत नको’ म्हणणाऱ्यालाही एवढंच सांगावं लागतं की एक आठवडा आहे, पुढच्या सोमवारी भिडू बदलणार.

उरलेल्याचं काय

खेळताना एखादं लहान किंवा कच्चं पोर असेल तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो खेळतो, पण त्याच्या आउट होण्याला किंमत नसते. वर्गात तिघांची जोडी केली की तिसऱ्याचं नेमकं असंच होतं. दोघं बोलतात आणि तिसरा त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.

म्हणून कोऱ्या चिठ्ठीखाली आलेल्या मुलासाठी आमच्याकडे पक्का नियम आहे. तो तक्त्यावरच्या शेवटच्या जोडीत जातो, त्या तिघांत पहिलं बोलणं त्याचं असतं, आणि चर्चेनंतर वर्गाला सांगायला मी सगळ्यांत आधी त्यालाच उभं करते. आठवडाभर हे काम त्याचं. कुणी कमी निवडलं म्हणून कुणी उरत नाही, चिठ्ठी सरकत सरकत आली म्हणून उरतो, आणि आज ना उद्या ती प्रत्येकाकडे येतेच. खिडकीजवळच्या त्या मुलीची पाळी आली तो दिवस माझ्या लक्षात आहे. सोमवारी ती तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली, आपल्या नावाच्या वरची कोरी चिठ्ठी बोटाने चाचपून पाहिली आणि मला म्हणाली, “बाई, आज आधी मी ना?”

तिघांची वेळ मात्र सांभाळावी लागते. जोडीत प्रत्येकाला एक मिनिट देत असाल तर तिघांना चाळीस-चाळीस सेकंद द्या, नाहीतर त्यांचं अर्ध्यावर राहतं.

(कोडी आवडणाऱ्यांसाठी: १८५० मध्ये थॉमस किर्कमन या इंग्रज धर्मगुरूंनी एक कोडं घातलं होतं. पंधरा मुली सात दिवस रोज तिघी-तिघींच्या रांगेत फिरायला जातात. कोणत्याही दोघी एकाच रांगेत दुसऱ्यांदा येता कामा नयेत. उत्तर आहे, पण काढायला घाम फुटतो. माझ्या वर्गातल्या दोन पोरांनी त्याचा पिच्छा अजून सोडलेला नाही.)

गैरहजेरीने सगळं कोलमडतं तेव्हा

तक्ता लावून खूश झालेल्या शिक्षकाला हे दुसऱ्याच दिवशी भेटतं. ३७ पैकी पाच जण आलेले नसतात, पाच भिडू मोकळे, आणि परत “बाई, मला कुणी नाही.”

याचं उत्तर हजेरी घेतानाच द्या, चर्चेच्या वेळेपर्यंत ठेवू नका. ज्यांचा भिडू आलेला नाही त्यांची नावं मी हजेरी संपताच तक्त्याच्या क्रमाने वाचते. पहिला आणि दुसरा एकत्र, तिसरा आणि चौथा एकत्र. पाचवा उरला तर तक्त्यावर त्याच्या उजवीकडच्या जोडीत. एक मिनिटही लागत नाही. महत्त्वाचं हे की मुलाने उठून कुणाला विचारायचं नाही. ‘मला घेता का?’ हा प्रश्न कुठल्याच मुलावर येऊ द्यायचा नाही, बाकी नियम तुम्ही कसाही करा.

आमच्याकडे खरा प्रश्न दिवाळीनंतर येतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि आईबापाबरोबर काही मुलंही जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ. पण पट कागदावर ३७ आणि वर्गात २६ अशी गत पाच-पाच महिने असते. पहिल्या वर्षी मी तोच तक्ता चालवत राहिले आणि रोज दहा-अकरा मुलांना इकडेतिकडे बसवत राहिले. ते चुकीचं होतं. आता टोळ्या गेल्या की गेलेल्यांच्या चिठ्ठ्या काढून एका पाकिटात ठेवते आणि उरलेल्यांचा नवा तक्ता लावते. संख्या सम असेल तर कोरी चिठ्ठीही पाकिटात जाते, आणि पहिल्या खिशात एका मुलाची चिठ्ठी स्थिर राहते.

ती मुलं परत येतात तेव्हा काय करायचं, यावर मी बराच विचार केला. चार-पाच महिन्यांनी आलेलं मूल वर्गात पाहुण्यासारखं बसतं. त्याच्या अभ्यासात खंड पडलेला असतो आणि ते त्याला ठाऊक असतं. अशा मुलाला पहिल्याच सोमवारी तक्त्यात येईल त्या भिडूकडे पाठवणं मला योग्य वाटत नाही. पहिले दोन आठवडे मी चक्र बाजूला ठेवते आणि जूनमध्ये ज्याच्याशी त्याचं चांगलं जमलं होतं तोच भिडू देते. त्याची चिठ्ठी मात्र आल्या दिवशीच पाकिटातून काढून त्याच्या हाताने तक्त्यात लावून घेते. नवी चिठ्ठी करायची नाही. आपलं नाव कुणी टाकून दिलं नव्हतं हे त्याला दिसायला हवं.

एकच बोलतो, दुसरा मान हलवतो

जोड्या नीट लागल्या तरी ही तक्रार राहतेच, आणि बहुतेक शिक्षक इथेच म्हणतात की ‘आमची मुलं बोलतच नाहीत’. मुलं बोलत नाहीत कारण आपण त्यांना विचार करायला वेळ दिलेला नसतो. प्रश्न फळ्यावर पडतो, हुशार मुलाचं उत्तर तयार असतं, ते बोलून टाकतं. दुसऱ्याच्या डोक्यात वाक्य जुळायच्या आत चर्चा संपते.

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या या शांततेचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं त्यांना दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. पुढे १९८१ मध्ये मेरीलँड विद्यापीठातले फ्रँक लायमन यांनी आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गाला सांगणं अशी तीन पायऱ्यांची रीत मांडली. आपण त्यातली पहिली पायरी घाईत गिळून टाकतो.

माझ्या वर्गात पहिलं दीड मिनिट कुणीही बोलत नाही. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहायच्या, शुद्धलेखन बघितलं जाणार नाही. ज्याला लिहिणं जड जातं त्याने चित्र काढावं किंवा एकच शब्द लिहावा. बोलायची वेळ येते तेव्हा रिकाम्या हाताने कुणीच बसलेलं नसतं.

नंतरची दोन मिनिटंही वाटून दिलेली असतात. कोण आधी बोलणार ते मी सांगते: आज खिडकीच्या बाजूला बसलेला, उद्या दाराच्या बाजूचा. एक मिनिट एकाचं, टाळी वाजली की दुसऱ्याचं. पहिल्याचं तीस सेकंदांत संपलं तरी दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. “अजून काय?” एवढंच विचारायचं.

आणि ज्या एका बदलाने सगळ्यांत जास्त फरक पडला तो हा: वर्गाला सांगताना स्वतःचं मत सांगायचं नाही, भिडूचं सांगायचं. “माझा भिडू म्हणतो की…” अशीच सुरुवात. ज्याला एकट्यानेच बोलायची सवय होती त्याला आता ऐकावं लागतं, कारण मी उठवलं तर त्याच्याकडे सांगायला हवं. आणि एरवी गप्प बसणारीचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून वर्गासमोर येतं. स्वतःचा विचार असा मोठ्याने बोलला जाताना ऐकला की मुलांचे चेहरे बदलतात. पुढच्या वेळी ती स्वतः दोन वाक्यं जास्त बोलतात. चुकीचं सांगितलं तर भिडू लगेच म्हणतो, “तसं नाही म्हणाले मी,” आणि मग खरी चर्चा सुरू होते.

तांड्यावरच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी करावी लागली. ती घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मराठी समजते, पण विचार मांडताना अडखळतात आणि अडखळलं की गप्प होतात. तक्त्यात दोन गोरमाटी बोलणारी मुलं एकत्र आली तर मी मुद्दाम सांगते, आधी तुमच्या भाषेत बोलून घ्या, मग मराठीत सांगा. भिडू मराठी बोलणारा असेल तर वहीतल्या दोन ओळी गोरमाटीत लिहायची मुभा असते. ‘शाळेत मराठीतच बोला’ हा आग्रह चर्चेच्या पहिल्या दोन मिनिटांत धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्नच बोलण्यासारखा नसेल तर

जोडी, वेळ, भिडू सगळं ठीक आणि तरी मुलं अर्ध्या मिनिटात “झालं बाई” म्हणून मोकळी होत असतील, तर आपला प्रश्न तपासा. पुरंदरचा तह कोणत्या साली झाला यावर दोन माणसांनी काय बोलायचं? १६६५. संपलं. पण तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले, तुम्ही त्यांचे सल्लागार असता तर कोणत्या प्रकारचे किल्ले हातचे सोडू नका म्हणाला असता, असं विचारलं की मुलं नकाशा मागतात. कुणी म्हणतं घाटवाटांवरचे ठेवा, कुणी म्हणतं जिथे धान्याचा साठा आहे ते ठेवा. विज्ञानात ‘बाष्पीभवन म्हणजे काय’ विचारलं की पाठ केलेली व्याख्या येते. ‘उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, मग शेजारच्या स्टीलच्या घागरीतलं का नाही?’ असं विचारलं की घरात रोज बघितलेली गोष्ट ज्याच्या त्याच्याकडे असते, मार्क कितीही पडोत.

मी स्वतःला एकच विचारते: या प्रश्नाला दोन शहाणी माणसं दोन वेगळी उत्तरं देऊ शकतील का, किंवा एकच उत्तर दोन वाटांनी सापडू शकेल का? नसेल तर तो प्रश्न वहीत सोडवायला द्यावा. जोडीची गरज नाही.

वाचनाला हा तक्ता चालत नाही

इथे मी एक वर्ष चुकले. चर्चेचा तक्ता सगळ्याच कामांना वापरला, आणि वाचनाच्या तासाला दोन अडखळत वाचणारी मुलं एकत्र आली की दोघंही पानावर बोट ठेवून बसून राहायची. मग दुसरं टोक गाठलं. सगळ्यांत चांगल्या वाचणाऱ्याला सगळ्यांत मागे असलेल्याबरोबर बसवलं. तेही फसलं. अंतर इतकं मोठं की पुढचा कंटाळतो आणि सगळं स्वतःच वाचून टाकतो, मागचा ओशाळतो.

आता वाचनासाठी वेगळी यादी आहे, ती भिंतीवर लागत नाही, माझ्या वहीतच असते. वाचनाच्या क्रमाने नावं लिहायची आणि यादी मधोमध कापायची. ३६ जणांत पहिल्याला एकोणिसावा, दुसऱ्याला विसावा, असं करत अठराव्याला छत्तिसावा. सदतिसाव्याला मी स्वतःजवळ घेते. प्रत्येक जोडीतलं अंतर सारखंच राहतं, फार नाही आणि अगदी कमीही नाही. मधल्या मुलाला शिकवायला मिळतं, जे एरवी कधीच मिळत नाही. महिन्या-दीड महिन्याने यादी नव्याने करावी लागते, मुलं पुढे-मागे होतात.

मुलगा-मुलगी जोडी

सातवीत हा विषय निघतोच. पहिल्या आठवड्यात खिदळणं, कोपरखळ्या, मागच्या बाकावरून नावं जोडणं. काही शिक्षक म्हणून मुलांचा एक आणि मुलींचा एक असे दोन तक्ते करतात. मी तसं करत नाही, पण घाईही करत नाही. जूनमध्ये पहिले दोन आठवडे जोडीला बोलायचं काम न देता हातांचं काम देते: मीटरपट्टीने व्हरांडा मोजा, शाळेच्या आवारातली पाच पानं आणून त्यांच्या शिरा बघा. हातात काम असलं की डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही आणि संकोच आपोआप ओसरतो. चिडवणाऱ्याला मी वर्गासमोर रागावत नाही, तास संपल्यावर एकट्याला गाठते आणि स्पष्ट बोलते. पालकसभेत तक्ता दाखवून हे असं का करतो ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. एखादी मुलगी गुपचूप येऊन म्हणाली की अमक्याबरोबर नको, तर कारण खोदत न बसता त्याच दिवशी चिठ्ठी बदलते. शनिवारपर्यंत थांबायचा नियम अशा वेळी लागू नाही. मारणं, घालूनपाडून बोलणं, जातीवरून बोलणं यांनाही नाही.

चष्मा असलेलं किंवा ऐकायला कमी येणारं मूल तक्त्यामुळे मागे जाता कामा नये. तक्ता फक्त जोडी ठरवतो, बाक नाही. असं मूल आपल्या भिडूला घेऊन पुढे येतं.

आवाज

अठरा जोड्या म्हणजे एका वेळी अठरा आवाज. शेजारच्या वर्गातून निरोप येणारच. “हळू बोला” ओरडून काही होत नाही, उलट आपलाच आवाज त्यात मिसळतो. मी हात वर करते. ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून स्वतःचा हात वर करायचा. दहा सेकंदांत वर्ग शांत होतो, पण ही सवय लागायला दोन आठवडे रोज लागले. मुख्याध्यापकांना एकदा बोलावून तास दाखवला. त्यानंतर निरोप थांबले.

एवढं करूनही एखादी जोडी गप्पच

असते. दर आठवड्याला एखादी तरी असते. तेव्हा मी बाकाच्या टोकाला टेकते आणि तिसरी भिडू होते. शिक्षक म्हणून प्रश्न विचारत नाही, मला खरंच जे वाटतं ते सांगते. माठाच्या प्रश्नाला एकदा म्हटलं, “मला लहानपणी वाटायचं माठ जमिनीतून थंडावा ओढून घेतो, म्हणून आई तो वाळूवर ठेवते.” दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यातला एक, जो महिनाभर कुणाशी बोलला नव्हता, हळूच म्हणाला, “पण बाई, आमचा माठ तर तिवईवर असतो. तरी गार होतो.” दुसरी लगेच म्हणाली, “आणि वाळू ओली का असते मग?” मी तिथून उठले आणि पुढच्या बाकाकडे गेले.